कड्यावरचा मधुबाज

ताईने लपणाची चेन अर्धी उघडली, बाहेर कानोसा घेतला आणि मला शेवटचं बजावलं. शिंक आली तर गिळायची. पायाला मुंग्या आल्या तर येऊ द्यायच्या. ती न्यायला येईपर्यंत या कापडाच्या आत माणूस नाही, असं समजायचं.

"आणि चेन उघडायची नाही," ती म्हणाली. "काहीही झालं तरी. मी बाहेर मरत असले तरी."

"तू मेलीस तर मला घरी कोण नेणार? गाडीची किल्ली तुझ्याकडे आहे."

"चालत जा. वजन उतरेल."

तिने माझा मोबाईल काढून घेतला, वाकून बाहेर पडली आणि चेन स्वतःच्या हाताने खालपर्यंत ओढली. मग काठीने घाणेरीच्या झुडपांवर फटके मारत, मोठ्याने गुणगुणत ओढ्याच्या दिशेने उतरू लागली.

पक्षी बघणाऱ्यांची ही जुनी युक्ती आहे. लपणात एकटं माणूस शिरलं, की कुठूनतरी बघत असलेल्या पक्ष्याला ते आत आहे हे कळतं आणि तो फिरकत नाही. म्हणून दोघांनी शिरायचं, थोडं थांबायचं आणि एकाने गाजावाजा करत निघून जायचं. पक्ष्याला मोजता येत नाही. माणूस आलं आणि माणूस गेलं, एवढंच त्याच्या लक्षात राहतं.

एरवी या कामाला ताईबरोबर तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतले शेलार यायचे. ती कऱ्हाडला प्राणिशास्त्र शिकवायची. त्या आठवड्यात शेलार तापाने पडले होते. मी साताऱ्याला एका दैनिकात होते आणि रविवारच्या पुरवणीसाठी मधुबाजावर लेख लिहीत होते. मधुबाज हा मोहोळं फोडून खाणारा शिकारी पक्षी. तो मी कधी पाहिलाच नव्हता, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर लिहायची माझी तयारी नव्हती. मी ताईला म्हटलं, शेलारांच्या जागी मी येते. ती नाही म्हणाली. कारण विचारलं तर दर वेळी नवीन कारण. तुला गप्प बसता येत नाही. तुला चढ झेपत नाही. तिथे ऊन फार असतं. शेवटी मी सांगितलं, की पाटणची एसटी पकडून एकटी जाईन आणि विचारत विचारत कडा शोधीन. मग ती तयार झाली; पण अट घातली, की लपणात मी बसायचं आणि बाहेर ती जाणार.

याचं मला नवल वाटलं. त्या जागेसाठी ती सबंध हंगाम झुरत होती. कॅमेरा तिचा, चारशेची लेन्स तिची, लपणसुद्धा तिने शिंप्याच्या डोक्यावर बसून शिवून घेतलेलं. आणि आयत्या वेळी ती ही जागा मला देत होती. विचारलं तर म्हणाली, "लेख तुझा, तर फोटोही तुझाच असू दे." ताईच्या तोंडी असलं बोलणं शोभत नव्हतं. पण मी वाद घातला नाही.

लपण म्हणजे जाड हिरव्या कापडाची, जमिनीपर्यंत येणारी चौकोनी खोळ होती. चार कोपऱ्यांत चार बांबू. पुढे लेन्स बाहेर काढायला शर्टाच्या बाहीसारखी बाही आणि तिच्या वर हातभर जाळी. जाळीतून समोरचा कडा दिसत होता. मध्ये ओढा, पलीकडे काळा पाषाण, आणि त्याच्या पुढे आलेल्या कपाळाखाली आग्या मोहोळं ओळीने लटकलेली. सुपाएवढी, परातीएवढी. लांबून वाळलेल्या चामड्यासारखी दिसणारी. लेन्समधून पाहिलं तेव्हा कळलं, की ते चामडं नाही. माश्याच होत्या, एकीला एक चिकटून. अधूनमधून त्या पोटं उचलत आणि मोहोळाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत लाट सरकत जाई. ती लाट पाहून माझ्या अंगावर काटा आला. गुणगुण ऐकू येत होती. थोड्या वेळाने ती कानांपेक्षा दातांत जाणवायला लागली.

आदल्या संध्याकाळी ताईने मला सगळं शिकवलं होतं. आग्या माशी चावते तेव्हा एक वास सोडते, पिकल्या केळ्यासारखा. तो वास आला की बाकीच्यांना कुठे चावायचं ते कळतं. काळ्या, गडद रंगावर त्या आधी जातात. हे सांगताना तिच्या अंगावर मातकट हिरवा शर्ट आणि तपकिरी पँट होती आणि माझ्याही अंगावर तसलेच कपडे. पक्षी बघायला जाणारी माणसं असेच कपडे घालतात, पक्ष्याला दिसू नये म्हणून. माश्यांना काय दिसेल, हा विचार आम्ही दोघींनी केला नाही. लपण किती लांब लावायचं, तेही आम्ही मधुबाजाच्या हिशेबाने ठरवलं होतं.

ताई अजून ओढ्याच्या पात्रात होती. तिला पात्र ओलांडून, कड्याला वळसा घालून, पलीकडच्या मातीच्या रस्त्यावर उभ्या केलेल्या ओम्नीपर्यंत जायचं होतं.

तेवढ्यात तो आला.

आधी सावली आली, पाषाणावरून तिरकी घसरत गेलेली. मग कड्याच्या टोकावरच्या वाळक्या उंबरावर एक मोठा पक्षी पंख मिटत बसला. मी लेन्स फिरवली. तो क्षण मला आजही स्वच्छ आठवतो. ताईने ओळख अशी घोकून घेतली होती: मधुबाजाच्या पिसाऱ्यावर जाऊ नकोस, तो शंभर रंगांत येतो. डोकं बघ. एवढ्या थोरल्या अंगावर कबुतराएवढं डोकं, लांब मान. आणि चेहऱ्यावरची पिसं माशाच्या खवल्यांसारखी घट्ट, माशीची नांगी आत जाऊ नये म्हणून. ते सगळं समोर होतं. राखाडी चेहरा, गडद तपकिरी डोळा, म्हणजे नर. पुस्तकात वाचलेली खूण जिवंत पक्ष्यावर जागच्या जागी सापडली, की आत काहीतरी चपखल बसल्यासारखं वाटतं. हे सुख मला तोवर माहीत नव्हतं. लोक या नादापायी संसार का विसरतात, ते मला त्या क्षणी कळलं.

मी बटण दाबलं. त्याने मान वाकडी करून खाली पाहिलं. एक माणूस निघून जाताना त्याला दिसत होतं. युक्ती लागू पडली होती. फारच लवकर लागू पडली होती.

तो उंबरावरून सुटला आणि सरळ मधल्या मोहोळावर आदळला. पंजाने खालचा तुकडा तोडला आणि तो पंजात धरूनच कड्याच्या खोबणीत जाऊन बसला. मोहोळ फुटलं. लेन्समध्ये चित्र होतं तिथे नुसता धूर झाला. काळा, गरगरणारा. त्यातला थोडा पक्ष्याभोवती राहिला. बाकीचा पाषाणावरून खाली सांडला, ओढ्याच्या पात्रात.

ताईचं गुणगुणणं थांबलं.

मी लेन्स सोडून जाळीला डोळा लावला. ती पात्राच्या मधोमध थिजल्यासारखी उभी होती. मग तिने खांद्यावरची झोळी डोक्यावर घेतली आणि पळाली, लपणाच्या दिशेने. ते बरोबरच होतं. ओम्नी लांब, लपण जवळ. मी गुडघ्यांवर उठले, चेनच्या टोकाला हात घातला आणि ती पोचण्याची वाट पाहू लागले. ती चढ चढत आली. तिच्या मानेवर, हातांवर काळे ठिपके दिसायला लागले. ती इतकी जवळ आली की तिचा श्वास मला ऐकू आला.

आणि ती थांबली. जाळीकडे, म्हणजे माझ्याकडे, तिने एकदा पाहिलं. मी चेन वर ओढायला लागले.

"चेन सोड," ती म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. मग ती उलटी फिरली आणि जिथून आली होती तिकडेच, उघड्या ओढ्याकडे पळत सुटली.

मी हाका मारल्या. ती वळली नाही. पात्रात पोचता पोचता अडखळली, पालथी पडली, आणि झोळीत डोकं घालून तिथेच मुटकुळं करून राहिली. वर खोबणीत मधुबाज निवांत खात होता. त्याच्या चेहऱ्यावर माश्या बसत होत्या आणि तो त्यांना धूळ झटकावी तसा झटकत होता.

मी किती वेळ नुसती बघत राहिले ते मला सांगता येणार नाही. भीती म्हणजे काय, ते मी त्याआधी अपघातांच्या, पुराच्या बातम्यांत लिहिलं होतं. माझी स्वतःची भीती तशी नव्हती. तिच्यात काही भावना नव्हतीच. डोक्यात एकच हिशेब चालू होता, की कापडाच्या आत मी आहे आणि बाहेर ताई आहे. जाळीवर दहा-पंधरा माश्या येऊन बसल्या होत्या. त्यांची पोटं आतबाहेर होताना दिसत होती. मला पिकल्या केळ्याचा वास आला.

मग मी कॅमेरा स्टँडसकट आडवा केला, बाहीला गाठ मारली आणि बांबू एकेक करून उपटले. खोळ माझ्या डोक्यावर पडली. जाळी डोळ्यांसमोर येईल अशी ती फिरवून घेतली, कडा मुठींत धरल्या आणि चालायला लागले. एखादा तंबू आपल्या पायांनी चालत निघावा तसं ते दिसलं असेल. उतारावर कापड करवंदीच्या जाळ्यांत अडकत होतं. ओढून काढावं तर खालून पाय उघडे पडत होते. कापडावर थेंब पडावेत तसे माश्यांचे टपटप आवाज येत होते, आधी सुटे, मग सलग. जाळीतून पुढचं हातभरच दिसत होतं. घोट्याशी काटा लागला. मी खाली बघितलंही नाही.

ताईजवळ पोचले तेव्हा तिने मान उचलली. डोळे जवळजवळ मिटले होते, ओठ जाड झाला होता. समोर चालत आलेलं लपण पाहून तिला हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. तिने दोन्ही हातांनी ते ढकललं.

"परत जा. चारू, माझं ऐक, परत जा."

मला वाटलं, अजून हिच्या डोक्यात पक्षीच आहे. "तुझा पक्षी गेला खड्ड्यात," मी म्हटलं, कापडाची कड उचलली आणि तिला आत ओढलं. तिच्याबरोबर माश्याही आल्या.

आतल्या हिरव्या अंधारात पुढचं घडलं ते विचित्र होतं. तिच्या केसांत, कानामागे, शर्टाच्या घड्यांत माश्या अडकून भणभणत होत्या. तिने त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. ती माझ्यावर पडली. माझी कॉलर उलटी केली, केसांतून बोटं फिरवली, बाह्या चाचपल्या. लहानपणी आई उवा बघायची तसं. माझ्या खांद्यावर एक माशी चढत होती, ती तिने मुठीत धरून चिरडली. मी सांगत होते, मला काही झालेलं नाही, तू तुझं बघ. तिला ते ऐकू येत नव्हतं. भीतीने हिचं डोकं फिरलंय असं मला वाटलं आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. आमच्या घरात शांत डोक्याचं माणूस तेवढं एकच होतं.

तिला बगलेत धरून, ती खोळ दोघींवर ओढून मी निघाले. कड्याला दुरून वळसा घातला. हळूहळू टपटप कमी झाली. ओम्नीपाशी कापड झटकून टाकलं, तिच्या खिशातून किल्ली काढली, तिला पुढे बसवलं आणि गाडी सोडली. तिचा चेहरा आता ओळखू येत नव्हता. डोळ्यांच्या जागी दोन फटी होत्या.

"बोलत राहा," ती म्हणाली.

मला ते बरोबर वाटलं. शुद्ध हरपू नये म्हणून जखमी माणसाशी बोलत राहावं, हे मी ऐकलं होतं. मी सांगायला लागले, की घाबरू नकोस, अर्ध्या तासात पोचतो, तिथे डॉक्टर आहेत. तिने मला मध्येच तोडलं.

"ते नको. तारेवर काय बसलंय ते सांग."

तारेवर वेडा राघू होता. मी तसं सांगितलं.

"कशावरून? एका शब्दात नको. खुणा सांग."

मी खुणा सांगितल्या. हिरवा, चोच बारीक, किंचित वाकलेली, शेपटीतून दोन पिसं तारेसारखी बाहेर. पुढच्या वळणावर तिने परत विचारलं. कोतवाल. कशावरून? काळा, शेपूट दुभंगलेलं. मग बाभळीच्या शेंड्यावर कापशी दिसली. खांदे काळे, डोळा लाल, घुबडासारखा समोर बघणारा. मी रडत होते, गिअर बदलत होते आणि पक्ष्यांच्या खुणा सांगत होते. रस्त्यात मेंढरं आडवी आली. माझे तळहात खाजायला लागले होते आणि स्टिअरिंग घामाने निसटत होतं. ताई काच चढवून, कान माझ्याकडे करून बसली होती. मध्येच म्हणाली, "खाकर आणि परत म्हण." मी खाकरले, परत म्हटलं. आवाज फाटका येत होता. एवढं ओरडल्यावर घसा बसणारच, असं मला वाटलं.

"खंड्या म्हण."

"कुठाय खंड्या?"

"नसू दे. म्हण."

मी म्हटलं. माझीच जीभ मला जाड वाटली. ताईने डॅशबोर्डवर हात आपटला आणि म्हणाली, "चारू, ब्रेक लावू नकोस आता कुठे. हॉर्नवर हात ठेव."

तालुक्याच्या गावात डॉक्टर गुजरबाईंचा दवाखाना स्टँडच्या मागेच होता. बाकांवर बसलेली माणसं ताईचा चेहरा पाहून आपोआप बाजूला झाली. गुजरबाई धावत आल्या, तिला धरून टेबलाकडे न्यायला लागल्या. ती जागची हलली नाही. हाताने चाचपत तिने माझा दंड पकडला आणि मला पुढे केलं.

"आधी हिला," ती म्हणाली. "मोहोळाची माशी. लहानपणी एकच चावली होती, तर श्वास बंद पडला होता. आत्ता हिचा आवाज बदललाय."

गुजरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "अहो, आणि तुम्हाला?"

"मला नुसत्या चावल्यात."

मी म्हणणार होते, की मला काही झालेलं नाही, एक काटा तेवढा लागलाय. शब्द नीट निघेनात. नर्सने माझी पँट वर केली. घोट्याजवळ नांगी अजून रुतलेली होती आणि तिथून वर गुडघ्यापर्यंत लाल गांध्या उठल्या होत्या. पोटावर, मानेवरही. त्यानंतरचं मला तुकड्यांत आठवतं. मांडीत टोचलेली सुई, छातीत घोडा उधळावा तशी धडधड, तोंडावर प्राणवायूची नळी, आणि पलीकडून कुणीतरी ताईला दटावत होतं की बाई, आता तरी आडव्या व्हा.

दुपारी आम्ही शेजारशेजारच्या खाटांवर होतो. तिच्या अंगातून काढलेल्या नांग्या नर्सने एका वाटीत ठेवल्या होत्या आणि ती वाटी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होती. ताईचे डोळे पूर्ण मिटले होते. छताकडे तोंड करून ती माझ्या लहानपणाबद्दल बोलत होती, थांबत थांबत. मी चार वर्षांची होते तेव्हा आजोळी एक माशी चावली. मी निळी पडले. मामाने सायकलवरून डॉक्टरांकडे नेलं. आईने सगळ्यांना शपथ घातली, की पोरीला सांगायचं नाही. नाहीतर जन्मभर माशी दिसली की किंचाळेल. ताप आला होता म्हणून सांगायचं. मग तेच सगळ्यांच्या अंगवळणी पडलं.

"मोठी झालीस तेव्हा सांगणार होते," ती म्हणाली. "पण तुला परत कधी चावलीच नाही. मग माझीच खात्री राहिली नाही. मीही लहानच होते तेव्हा. वाटलं, लपणात चेन लावून बसवली तर काय होणार आहे."

मला गाडीतलं सगळं एकदम दिसलं. काच चढवून, कान माझ्याकडे करून बसलेली ती. तिला माझा चेहरा दिसत नव्हता. माझा श्वास कसा चाललाय, घसा आवळतोय का, हे कळायला तिच्याकडे माझ्या आवाजाशिवाय काहीच उरलं नव्हतं. शुद्धीवर राहायला तिला माझी गरज नव्हती. ती पूर्णवेळ शुद्धीवरच होती.

"चारू," ती म्हणाली. "बोल काहीतरी."

मी तोंड उघडलं. घसा अजून सुजलेला होता, नुसती हवा बाहेर आली. तिने पुन्हा हाक मारली, या वेळी उशीवरून डोकं उचलून. तिच्या आवाजात मी पहिल्यांदा भीती ऐकली. सकाळपासून एकदाही ती तिच्या आवाजात नव्हती.

मी खाटेवरून वाकले, तिचा हात उचलला आणि माझ्या बरगड्यांवर ठेवला. तो सुजून जड झाला होता, बोटं मिटत नव्हती. मी जोरात श्वास घेतला, सोडला, परत घेतला. तिने डोकं उशीवर टेकलं.

नर्स इंजेक्शन घेऊन आली आणि हात सरळ करा म्हणाली. ताईने दुसरा हात पुढे केला.